तक्रार नाही, साब

२६ जानेवारी

झेंडावंदन आटोपलं. हे उजाडायच्या आधीपासून तयार. निळा ब्लेझर, पलटणीची टोपी, बुटात तोंड दिसावं असा पॉलिश. कॉलनीतले बाकीचे फौजी मेडलं लावून आले, चालताना वाजत होती. ह्यायचा ब्लेझर तेवढा कोरा. दरवर्षीसारखे डाव्या खिशावर हात ठेवून उभे राहिले. समोरच्या बंगल्यातल्या बाईनं मले विचारलं, "आजोबा खरंच लढाईत होते का हो?" मी म्हटलं, "नाई, भातुकलीत होते." तोंड पाडून गेली. जाऊ दे.

एकाहत्तरच्या लढाईचे दोन मेडल यायचे आहेत. सासरे वारले म्हणून हे फौजेतून नाव कापून कायमचे घरी आले, तेव्हा पलटणीत सांगतलं होतं, मेडल मागून येईल. ते अजून मागूनच येऊन राहिलं. ह्यायनं कधी अर्ज केला नाही. "मागाचं नसते वं कमल. इशू होत असते." एकदा मी दुकानातून तसंच दिसणारं विकत आणलं होतं, मिळतात सर्रास. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

यंदा मीच अर्ज टाकला. बँकेचं काम सांगून सही घेतली.

३० जानेवारी

पुन्हा डॉक्टर. साधा विसरभोळेपणा नाही म्हणते, आजारच आहे, वाढत जाणार. आधी नवं जाईल, मग जुनं. मी विचारलं, लढाई कधी जाईल? त्या बिचाऱ्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, ताई, जुनं बऱ्याचदा टिकते, पण भरवसा देता येत नाही.

म्हणजे मेडल यायचं तं लढाई डोक्यात आहे तोवर. नंतर येऊन काय करू, आरती ओवाळू?

६ फेब्रु.

आज मले "मॅडम" म्हटलं. "मॅडम, चहा मिळेल का?" चाळीस पोरांच्या वर्गात आयुष्यभर मॅडमच होती मी, त्याचं काही नाही. पण ह्यायच्या तोंडून... चहा दिला. साखर जास्त पडली.

१२ फेब्रु.

सैनिकांच्या ऑफिसातून फोन. भरती अकोल्यातून झाली, मूळ गाव बार्शीटाकळीकडचं, म्हणून प्रकरण अकोल्यात. तिथं माजी सैनिकांचा मेळावा आहे, फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसचा मोठा साहेब येणार, जागेवर निकाल. "अर्जदार समक्ष पायजे."

सुजाताले कळवलं. लेक अकोल्यातच आहे हे एक बरं. म्हणाली, "आई, बाबाले एवढ्या लांब कशाले फिरवतं?" मी म्हटलं, लांब काय, अमरावती-अकोला. लढाईवर गेले होते ते काय रिक्षानं?

२१ फेब्रु.

अकोल्यात, सुजाताकडे. एसटीत हे छान होते. मूर्तिजापूर आलं तसे खिडकीपाशी उठून उभे राहिले, "किसनचं गाव." बाकी सगळं विसरतात, किसन नाही.

किसन म्हणजे ह्यायचा जोडीदार, एकाच खंदकात. लग्नानंतर एकदाच सांगतलं होतं. रात्रभर गोळाबारी, किसनचा पाय गेलेला. सकाळी कंपनीचा साहेब खंदकाखंदकानं विचारत आला, "कोई तकलीफ?" किसन म्हणाला, "नहीं साब." दुपारपर्यंत गेला. मी तेव्हा नवी नवरी, मले वाटलं रडतील. रडले नाहीत. उठून बाहेर गेले आणि सायकल पुसत बसले.

२२ फेब्रु.

काय लिहू.

मेळाव्यात मंडप, खुर्च्या, पाण्याचे जार. आमचा नंबर आला. साहेब माणूस चांगला, खोटं काहून बोलू. ह्यायले पाहून स्वतः उठून उभा राहिला, हात मिळवला. लढाईत कुठं होते विचारलं. ह्यायनं आपला नंबर, हुद्दा, कंपनी, सगळं धडाधडा सांगतलं. नातवंडांची नावं येत नाहीत या माणसाले. मी मनात म्हटलं, झालं आता, जिंकलो.

मग साहेबानं विचारलं, "बोलो जवान, कोई तकलीफ?"

हे खुर्चीतून असे उठले की काठी पडली. टाचा जुळल्या. छाती बाहेर. "नहीं साब! सब ठीक है साब!"

मी मधी पडली. "साहेब, आहे तकलीफ, मेडल..." तो हसून म्हणाला, "माताजी, जवान को बोलने दीजिए." पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, आणखी मोठ्यानं. सगळ्या मंडपानं टाळ्या वाजवल्या. टाळ्या! बाजूच्या कारकुनानं तेवढ्यात लिहून घेतलं आणि पुढचं नाव पुकारलं.

बाहेर आल्यावर हे इतके खुश होते. "साहेब चांगला आहे. आपल्या खंदकात आला." मी ह्यायचा हात झटकला. मग पुन्हा धरला, रस्ता ओलांडायचा होता.

२३ फेब्रु.

सुजाता म्हणते, "दुकानातून आण आणि लाव. बाबाले आता काय कळते?" मी तिच्यावर ओरडली. जावयासमोर. नंतर स्वयंपाकघरात दोघी मायलेकी कांदा चिरत बसलो.

कळत नाही म्हणूनच तं फसवता येत नाही न बाप्पा.

५ मार्च

अमरावतीच्या ऑफिसात जाऊन आली. प्रकरण बंद. शेरा: अर्जदाराची तक्रार नाही.

तिथला बाबू स्वतः जुना हवालदार. कागद वाचून आधी हसला, मग चष्मा काढून पुसला. "वयनी, मी असतो तं मीबी हेच म्हटलं असतं. साहेबानं 'कोई तकलीफ' विचारलं की तोंडातून दुसरं निघतच नाई. ट्रेनिंगमधी हाडात भरवते ते." मग अपील कसं कराचं ते सांगतलं. पुन्हा तारीख मिळेल, पुन्हा समक्ष आणावं लागेल, ह्या वेळी ह्यायनं स्वतः सांगायले पाहिजे.

आणि आवाज खाली करून म्हणाला, "नाईतं थांबा. मागून विधवेच्या नावानं अर्ज सोपा जाते. समक्ष आणाचं काही राहत नाई."

भला माणूस आहे. वाईट मनानं नाही बोलला. अपीलाचा कोरा कागद मागून घेतला आणि पिशवीत घातला.

६ मार्च

अपील टाकलं. विधवेच्या नावानं नाही. माझ्या नवऱ्याच्या नावानं.

१५ मार्च

रोज तालीम चालू आहे. दुपारी जेवणं झाली की मी साहेब होते. ह्यायची टोपी डोक्यावर, हातात लाटणं. गॅदरिंगमध्ये पोरांकडून नाटकं बसवली तेव्हा एवढी मेहनत केली नव्हती.

"बोलो जवान, कोई तकलीफ?"

"नहीं साब!"

"अहो, नाही म्हणायचं नाही. 'है साब' म्हणायचं. 'मेडल नहीं मिला साब.' म्हणा."

"मेडल नहीं मिला साब."

"शाब्बास. आता पुन्हा. बोलो जवान, कोई तकलीफ?"

"नहीं साब!"

हसू आलं. दोघंही हसलो. ह्यायले काहून हसतो ते माहीत नव्हतं, मी हसली म्हणून हसले. टोपी घसरून माझ्या नाकावर आली.

नंतर न्हाणीत जाऊन रडली. नळ सोडून.

२४ मार्च

आज समजलं मले. मी "है साब म्हणा" म्हटलं तं एकदम माझ्याकडे पाहिलं, चांगलं शुद्धीतलं पाहणं, आणि म्हणाले, "किसन्यानं नाई म्हटलं न." एवढंच बोलले आणि खिडकीकडे तोंड केलं.

पाय गेलेला माणूस नाही म्हणाला. मग दोन पाय शाबूत असलेला कसा हो म्हणेल? आणि मी येडी लाटणं घेऊन शिकवून राहिली.

तालीम बंद.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणूक घराखालून गेली. हे बिछान्यात. मागच्या आठवड्यात मोरीत पडले, तेव्हापासून उठणं नाहीच. ढोल ऐकून बोटं चादरीवर हलत होती. विहारातली मंडळी भेटून गेली. "जयभीम दादा" म्हटलं की ओठ हलतात, आवाज नाही.

ऊन मरणाचं. कूलर लावला तं थंडी वाजते म्हणतात, नाही लावला तं मी मरते.

२३ एप्रिल

जेवण दोन घास. वरणाचं पाणी. किसनचं नाव काढलं मुद्दाम. काही नाही. मूर्तिजापूर म्हटलं. काही नाही. आपला नंबर सांगा म्हटलं, दोन आकडे सांगतले आणि थांबले, भिंतीकडे पाहत.

तेही चाललं म्हणजे.

२ मे

तारीख आली. पुढच्या मंगळवारी, अकोला. "अर्जदार समक्ष." फोन करून सांगतलं, माणूस बिछान्याले खिळला आहे. तिकडून पोरगी म्हणाली, गाडीतून आणा, साहेब गाडीपाशी येऊन विचारतील. एवढं तरी.

सुजाता आली आहे. चार दिवसांची रजा काढून. डॉक्टर तिच्याशी दारात बोलला, माझ्याशी नाही. गाडी करते म्हणाली, ॲम्ब्युलन्सच करू. मग पर्समधून एक डबी काढली. लाल मखमल, आत दोन मेडलं, रिबिनीसकट. "दुकानातली आहेत आई. रागावू नको. तुले वाटलं तं लाव, नाईतं राहू दे."

रागावली नाही. राग यायले अंगात काही लागते न.

डबी उघडून पाहिली. चांगली दिसतात. कोणी फरक सांगू शकणार नाही, ह्यायच्याशिवाय. आणि हे आता सांगणार नाहीत. छातीवर लावायले हात पुढे केला होता मी. बनियन किती सैल झालं आहे ह्यायचं. परत डबीत ठेवली.

४ मे

सकाळपासून कपाळावर आठ्या. कूस बदलायची होती का, तहान लागली का, काही कळेना. "काय दुखते?" विचारलं. सुजातानं विचारलं, "बाबा, काय पायजे?" आमचे दोघींचे आवाज पोचतच नव्हते.

मग काय मनात आलं, मी खुंटीवरची टोपी घेतली. डोक्यावर घातली. पलंगाच्या पायथ्याशी ताठ उभी राहिली. "बोलो जवान, कोई तकलीफ?"

डोळे उघडले. बराच वेळ माझ्याकडे, म्हणजे टोपीकडे, पाहत राहिले.

"है साब."

सुजाताच्या हातातला पेला खाली पडला. मले तं वाटलं, देवा, मंगळवारी असंच म्हणाले तं... साहेबाच्याच आवाजात विचारलं, "क्या तकलीफ?"

"घर जाना है साब. छुट्टी मिलेगी?"

आपल्याच घरात होते हो. आपल्याच पलंगावर, ज्यावर इस्त्री केलेली चादर मी सकाळी घातली. काय सांगू मी? हेच घर आहे म्हणू? मेडल आठवत नाही का म्हणू? साहेबासारखं उभं राहून विचारलं होतं मी, उत्तरही साहेबासारखंच द्यायले पाहिजे होतं.

म्हटलं, "मंजूर."

ह्यायच्या डोक्यावर टोपी नव्हती, आणि उघड्या डोक्यानं फौजी सलाम करत नाही, म्हणून केला नाही. चादरीखाली पाय हलले. टाचा जुळवून राहिले होते. कपाळावरची आठी गेली, आणि बारीक घोरत झोपले.

सुजाता मोरीत जाऊन रडते आहे, नळ सोडून. माझ्यावर गेली.

परवा मंगळवार. ॲम्ब्युलन्सवाला दोनदा विचारून गेला, पक्कं का म्हणून. त्याले उद्या सांगते म्हटलं. ब्लेझर धुऊन वाळत घातला आहे. टोपी अजून माझ्याच डोक्यावर होती, आत्ता लिहिताना ध्यानात आलं.