टिटवाळ्यापुढे गाडी तापली

७ फेब्रु. ८८, रविवार
आई जाऊन महिना झाला. गाडी तेव्हापासून अंगणात ताडपत्रीखाली. सकाळी नाना म्हणाले, "इंजिन उघडू या." वडील पस्तीस वर्षं रेल्वे वर्कशॉपात फिटर होते, हात शिवशिवतात.
मी म्हटलं, भंगारात देऊन टाकू. किलोमीटरचा आकडा एकदा पुरा फिरून पुन्हा साठ हजारांवर आलाय.
"त्या गाडीनं काय केलंय तुझं?"


९ फेब्रु.
कुठेतरी लिहायलाच हवं. खडवलीला मावशीकडे आईच्या छातीत दुखायला लागलं. मी, नाना, आई, निघालो कल्याणला. टिटवाळ्यापुढे इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. दिसत होता मला. थांबलो नाही, म्हटलं कल्याण गाठू. आंबिवलीच्या अलीकडे वाफ, खडखडाट, बंद. टेम्पो मिळेस्तोवर पाऊण तास. दवाखान्यात पोचलो तर डॉक्टर म्हणाले, संपलंय.
रेडिएटरच्या पाण्याचा पाइप गळतो हे मला दिवाळीपासून ठाऊक होतं. घरात कुणाला बोललो नाही.

१४ फेब्रु., रवि.
कारखान्यातून चेन-पुली आणली. आंब्याच्या फांदीला लावून इंजिन वर उचललं. नानांना जोर चढला होता. "सावकाश रे माधव, डावीकडे... बस!" कित्येक दिवसांनी आवाज मोठा.
इंजिनचं वरचं झाकण, हेड, उघडलं. त्याखालची गॅस्केट जळून कोळसा. हेड तापून वाकलेलं.
मग त्यांनी तो पाइप हातात घेतला. काळी चिकटपट्टी गुंडाळलेली.
"ही कुणी मारली?"
"मी. दिवाळीत."
पाइप उलटसुलट फिरवून बघितला. "मला सांगायचंस. घरात फिटर बसलाय. पाच मिनिटांचं काम होतं."
हात न धुताच आत गेले.

१५ फेब्रु.
नाना जेवले नाहीत. बायकोला, सुनंदाला, सगळं सांगितलं. आधी चिडली, मग रडली. "अहो, आता माझ्याजवळ बोलून काय? त्यांच्याशी बोला."
नानांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. परत आलो.

१८ फेब्रु.
कामावरून आलो तर नाना अंगणात पाटावर. तळव्यांमध्ये काठी फिरवत व्हॉल्व्ह घासत होते, ताक घुसळावं तसं.
"मी करू?"
"उघडलेलं काम अर्धवट ठेवायचं नसतं." बस, तेवढंच.

२१ फेब्रु., रवि.
हेड कल्याणला नेऊन सपाट करून आणलं. नव्या रिंगा, नवी बेअरिंगं. दिवसभर दोघं. बोलणं फक्त पान्यांचं.
दुपारी धीर करून विचारलं, "नाना, तुम्ही त्या दिवशी डॉक्टरांशी एकटे बोललात. लवकर पोचलो असतो तर...?"
त्यांनी नट बोटांनी फिरवून बघितला.
"चौदाचा पाना दे."
दिला.

२८ फेब्रु., रवि.
इंजिन परत बसवलं. पहिल्या दोन सेल्फला नुसती घरघर. तिसऱ्याला लागलं. धूर, मग साफ आवाज. शेजारचे काका कुंपणावरून टाळ्या वाजवायला लागले. नानांनी बॉनेटवर तळहात ठेवला, ऐकत राहिले. म्हटलं आता बोलतील.
"पहिले हजार किलोमीटर ताणू नकोस."

२ मार्च
नाना काही दिवस कळव्याला ताईकडे राहणार म्हणे. सुनंदानं विचारलं, किती दिवस? "बघू." ट्रंक मात्र मोठी काढलीय. आईचा फोटो भिंतीवरून काढून धोतरात गुंडाळला. भिंतीवर चौकोन उरलाय, जरा उजळ.

६ मार्च, रवि.
मीच सोडलं. गाडी छान चालली. मुंब्र्यापाशी म्हणाले, यंदा खाडीकडे गवत लवकर वाळलं. मी म्हटलं, हो.
ताईच्या जिन्याशी ट्रंक मला उचलू दिली नाही.
"नाना, पुढच्या रविवारी न्यायला येऊ?"
जिन्याच्या दोन पायऱ्या चढून थांबले. मागे वळले. काहीतरी म्हणाले, पण इंजिन मी चालूच ठेवलं होतं. बंद केलं तोवर वरचं दार लागलं होतं.