दहा मिनिटांची चाचणी

रविवार, २४ तारीख

प्रिय ताई,

तुझा डावा डोळा आता पूर्ण मिटतो, असं भावजींनी कळवलं. बरं वाटलं. मी ठीक आहे. माझं मुद्देसूद लिहिणं तुला कंटाळवाणं वाटतं, तरी आधी क्रमाने लिहिते.

१. तीन तारखेला तुझ्या मणक्यातलं पाणी तपासायला आमच्या प्रयोगशाळेत आलं.
२. चार तारखेला सकाळी त्यात जंतू वाढलेले दिसले. मी अहवाल दिला : 'त्वचेवरचे जंतू, नमुना घेताना मिसळले असावेत.'
३. पाच तारखेला दुपारी तुझा अर्धा चेहरा लुळा पडला.
४. त्या संध्याकाळी मी तेच जंतू पुन्हा तपासले आणि अहवाल बदलला. मग तुझं औषध बदललं. आधीचं या जंतूवर चालतच नाही.

माझ्या कामापैकी आईला फक्त चौथा मुद्दा माहीत आहे.

हा जंतू मेंदूत क्वचितच शिरतो आणि दिसतो त्वचेवरच्या निरुपद्रवी जंतूंसारखा. भलेभले फसतात. पण थेंबभर द्रवात घालून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की तो कोलांट्या मारतो. दहा मिनिटांचं काम. मला ते माहीत होतं, तरी चार तारखेला केलं नाही. शिवाय घरच्या माणसाचा नमुना दुसऱ्याच्या हाती द्यायचा, हा आमचा नियम. मी दिला नाही.

त्या चार तारखेच्या सकाळी, अहवाल देण्याआधी, आईचा फोन आला होता. "अगं, एवढ्या तापातही नर्सला हसवतेय! तुझ्यासारखी कण्हत नाही हो."

आजारपणातही तुझाच पहिला नंबर. मला कांजिण्या झाल्या, त्याही चारचौघींसारख्या. तू मरावीस असं माझ्या मनात नव्हतं, ताई. तुला काही विशेष झालेलं नसावं, एवढंच मला हवं होतं.

तू घरी जाईपर्यंत आई वॉर्डभर सांगत होती, "माझ्या धाकटीने पकडला हो चोर!" शेजारच्या खाटेवरच्या आजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी ऐकून घेतलं. गोड लागलं. तू तिरक्या ओठांनी म्हणालीस, "कधी नव्हे ती कामाला आलीस, शेंबडे." तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

नोंदवहीत दोन्ही अहवालांवर माझीच सही आहे.

शनिवारी आई माझ्याकडे राहायला येतेय. पहिल्यांदाच. मी तिच्यासाठी नवी उशी आणली. त्या उशीवर तिने डोकं टेकण्याआधी तिला सांगणार आहे. तुझ्यासमोर सांगू की एकटीला, तेवढं तू ठरव. शुक्रवारपर्यंत कळव.

तुझी शेंबडी,
अजून तसं म्हणणार असलीस तर