नाळेतून चढू नकोस

प्रिय श्रीरंग,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी ऐक. मेसेज केला की तू नुसता अंगठा पाठवून मोकळा होतोस, म्हणून रजेवर गावी निघालेल्या आमच्या शेजारच्या सर्फराजभाईंच्या हाती हे पत्र देतेय.

इथे कुवेतमध्ये आम्ही सगळे मजेत आहोत. आईचा गुडघा कसा आहे? तुझ्या हिमाचलच्या ट्रेकबद्दल तिला नक्की किती सांगितलंयस?

तुझा नकाशा पाहिला. बारा जणांना घेऊन तू दोन कड्यांमधल्या नाळेतून सरळ वर चढणार. अरे, सह्याद्रीत नाळ म्हणजे वाट. तिकडे वरचा सगळा बर्फ कोसळतो तो त्याच नाळेतून. तिथला वाटाड्या सांगतो की नवा बर्फ साखरेसारख्या सुट्या थरावर बसलाय, पाय ठेवला की धप्प आवाज होऊन खचतो. आणि तू हे मला गंमत म्हणून कळवतोस.

शुक्रवारी वफ्राच्या मळ्यांवर, इथल्या वाळवंटातल्या शेतांवर, भाजी आणायला गेलो होतो. मळ्याची भिंत वाऱ्याच्या बाजूला स्वच्छ, आणि मागच्या बाजूला कमरेएवढी वाळू. बर्फही असाच वाऱ्याच्या आडोशाला साठतो. तुझी नाळ आडोशालाच आहे.

चिडलेय ती माझ्यावरही. तू दहा वर्षांचा असताना, नाळ दिसली की वाट सापडली, हे मीच तुला शिकवलं होतं. आजवर माझं तू तेवढं एकच ऐकलंस. आता हे दुसरं ऐक.

आशीर्वाद काय, ते आहेतच.

तुझी,
ताई