दाभणाने शिवलेली सीट

आई, तुझी राजूरची गाडी सापडली. म्हणजे सापडली असं सगळे म्हणतायत. नगर, संगमनेर, कोपरगावकडची काही पोरं आहेत, त्यांना एसटीच्या जुन्या लाल गाड्यांचं वेड आहे. कुठली गाडी कुठल्या डेपोत गेली, कुणाची मुदत संपत आली, कुठली लिलावासाठी उभी केली, हे ते मोबाईलच्या ग्रुपवर एकमेकांना कळवत असतात आणि रविवारी स्टँडवर जाऊन फोटो काढतात. जुन्या गाडीला ते म्हातारी म्हणतात. कॉलेज संपवून मी इथे आपल्या देवळालीतच शाळेवर लागले, तेव्हा या ग्रुपमध्ये शिरले आणि तुझ्या गाडीचा नंबर टाकला. खंडेनवमीच्या फोटोत तो नंबर स्पष्ट दिसतो. आपण चर्चला जाणारी माणसं, तू नारळ फोडायची नाहीस. पण झेंडूचे हार ओवायला सगळे ड्रायव्हर तुलाच बसवायचे. फोटोत गाडीच्या नाकावर तो जाड हार आहे आणि शेजारी खाकी कपड्यांत तू, डोळे बारीक केलेले, ऊन समोरून आलेलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पप्पांची कारखान्यावर पाळी असली की तू मला ड्युटीवर घेऊन जायचीस. गाडीत चढण्याआधी दम द्यायचीस, "गाडीत मी तुजी आई न्हाई. कंडक्टर हाय. काय लागलं तर हात वर कर, आई आई करत बोंबलायचं न्हाई." मी दुसऱ्या सीटवर खिडकीशी बसते. संगमनेर मागं पडतं, घसा सुकतो, मी हात वर करते. तू गर्दीतून वाट काढत येतेस आणि कुण्या परक्या बाईशी बोलावं तसं विचारतेस, "बोला." मी म्हणते, "तहान लागलीय." तू म्हणतेस, "पुढच्या स्टँडला नळ हाय, उतरून प्या." मागची माणसं हसतात. मला रडू येतं. आज वर्गात मी चाळीस पोरांना एकसारखं वागवायला बघते तेव्हा मला तुझं ते 'बोला' कळतं, पण तेव्हा फार लागलं होतं.

त्या सीटचं रेक्झिन फाटलं होतं. आतला स्पंज पायाला टोचायचा. एकदा राजूरला गाडी थांबल्यावर सगळे चहाला उतरले आणि तू पिशवीतून दाभण आणि सुतळी काढून सीट शिवायला बसलीस. मी करवंदं खात बघत होते. ड्रायव्हरमामा खिडकीतून ओरडले, "ओ बाई, डेपोत सांगा की! गाडी काय तुमच्या बापाची हाय व्हय?"

तू मान वर न करता म्हणालीस, "बापाची न्हाई, माज्या लेकीची हाय. तीच बसतीय न्हवं हितं."

गाडीत तू मला लेक म्हणालीस ते तेवढंच. परतीच्या वाटेवर घाट उतरताना मी सारखी त्या टाक्यांवरून बोट फिरवत होते. वाकडे, जाड टाके, पोत्याचं तोंड शिवतात तसे. पुढच्या पावसाळ्यात तू आजारी पडलीस आणि दिवाळी तू बघितली नाहीस. पप्पांपाशी तुझा विषय निघत नाही. तू काय काय बोलायचीस ते मला सगळं आठवतं, पण आवाज गेला, आई. कितीही शांत बसलं तरी येत नाही. म्हणून मला ते टाके हवे होते. तुझ्या हातचं काहीतरी, ज्याला हात लावता येईल.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर निरोप आला, "ताई, तुमची म्हातारी घावली! दुसऱ्या डेपोला होती. राजूरलाच जातीय, पण या महिन्यानंतर न्हाई." रविवारी मी त्या स्टँडवर गेले. पोरं आधीच पोचली होती, कुणी चाकाशी वाकून, कुणी पाटीचा फोटो काढत. नंबर तोच. मी धावत चढले. दुसरी सीट निळी, गुळगुळीत, कुठेही टाका नाही. पुढची बघितली, मागची बघितली, वाकून खालून बघितलं.

"ताई, काय हरवलं का?" ग्रुप चालवणारा पोरगा दारातून विचारत होता.

"जुन्या सीटा कुठंयत?"

"जुन्या? ताई, ही नवी बॉडी हाय ना. जुना ॲल्युमिनियमचा डबा काढला अन् लोखंडी टाकला. खालचा सांगाडा, चासी, तीच, इंजिन तेच. सीटा कवाच भंगारात गेल्या." मग माझ्या तोंडाकडे बघून जरा हळू म्हणाला, "तुमाला म्हाईत न्हवतं व्हय? आमी गाडी चासीवरनं धरतो."

त्याचं खरं आहे. त्यांच्या लेखी गाडी म्हणजे चासी. दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर गाडी शोधत होते आणि मला हवी होती ती एक सीट. ते पोरांना सांगवेना. ती इतकी खूश होती. फोटो काढून पोरं खाली उतरली, मी बसून राहिले. तिकीट द्यायला आलेली कंडक्टर माझ्याच वयाची होती. "कुठं?" मी म्हटलं, "शेवटपर्यंत." ती हसली, "हिचा शेवट म्हंजी वर्कशॉप. मी राजूरचं देते." घाटात गाडी पहिल्या गिअरवर घरघरत होती. हाच आवाज तू रोज ऐकायचीस, असं मी मनाला सांगून बघितलं. इंजिनाचा आवाज तो इंजिनाचाच.

शाळेतल्या पोरींना मी सांगते, लाल गाडी आहे तोवर शिक्षण थांबवायचं नाही. आपल्या घरातली मी पहिली पदवीधर झाले ती याच गाड्यांच्या पासावर. राजूरची फेरी बंद होऊ नये म्हणून मी अर्जही दिलाय. ते मी मनापासून करते. पण गाड्यांचं वेड मला नाही, आई. टायर, इंजिन, कुठली बांधणी कुठल्या सालची, काही कळत नाही आणि कळून घ्यावंसंही वाटत नाही. पोरांना वाटतं मी त्यांच्यातलीच. त्यांनी माझा खिडकीतला फोटो टाकून 'ताईंची गाडी अखेर घावली' असं लिहिलं, आणि मी त्याखाली जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकलं.

हे लिहून मी कपाटात ठेवणार, दुसरं काय करणार. येत्या रविवारी सगळे पुणतांब्याला निघालेत, तिथे कुठलीशी जुनी गाडी येते. मी येते म्हणून कळवलंय. ती तुझी नाही, तिच्यात मला काही शोधायचंही नाही. रविवार घरी एकटीने सरत नाही, एवढंच.