चुंबळ घातलेलं हेल्मेट

३ नोव्हेंबर, शहापूर
आज माझ्यावर झालेल्या अन्यायाची इतिहासानं नोंद घ्यावी. नव्या नी-पॅडची चिकटपट्टी उषाच्या लोकरी शालीला डसली ती सुटेना. ओढली. पट्टी शाबूत, शालीला भोक. आरोपी मी.
"या वयात लोक गुडघ्यांना तेल लावतात. तुम्ही चिलखत घाला."
सोबत नवं हेल्मेटही आलं. तोंड पूर्ण झाकणारं, माप स्मॉल. उषा: "डोक्याच्या मापाची शंका मला लग्नातच आली होती."
डोळखांबकडच्या डोंगरात सायकलींचा कॅम्प चालवणाऱ्या शेठनं यंदाचे टायर नि हेल्मेटं निवडायचं काम मला दिलंय. पन्नाशीनंतर तिथला उतार सायकलवर उतरणारा तालुक्यातला मूर्ख एकटाच, म्हणून.

५ नोव्हेंबर
मुरबाडच्या सायकलवाल्यानं टायरात हवा ठासली. "दगडासारखी टाईट, साहेब. बघाच!" बघितलं. मुरुमाच्या उतारावर लाहीसारखा उडालो.
सुगंधा कॅम्पची वाटाडी. वरच्या पाड्यावरची, पंचविशीची. पाहुण्यांच्या पुढे उतरून वाट दाखवते. माझ्या टायरवर अंगठा दाबून म्हणाली, "काका, यो टायर हाय का पाटा? हवा सोडा जरा, म्हंजी जमीन धरील."
सोडली. धरली!
तिच्या स्वतःच्या मागच्या टायरला मात्र दातच उरलेले नाहीत. हेल्मेट कुणा आडदांड पाहुण्यानं टाकून दिलेलं, हनुवटी उघडी. डोक्यावर गरगर फिरतं, म्हणून आत चुंबळ घातलेली. हंड्याखाली ठेवतात तीच, चिंध्यांची. हसलो. फोटो काढून ग्रुपवर टाकला: 'याला म्हणतात देशी अक्कल.' टाळ्याच टाळ्या.

८ नोव्हेंबर
शेठकडे यादी करायला. टायरांवरून तासभर भांडलो. कडा जाड हव्यात, इथले दगड सुरीसारखे. पुढचा टायर मऊ रबराचा, मोठ्या दातांचा. जिंकलो. मग हेल्मेटं.
"पाहुण्यांची लिहा, सर. वाटाड्यांना वाट पाठ आहे."
अहो, पण... म्हणेपर्यंत भजी आली.

१२ नोव्हेंबर
सुगंधा पडली. नाल्याच्या वळणावर मागचं चाक घसरलं, चुंबळ सरकली, हेल्मेट डोळ्यांवर आलं. पुढचं तिला दिसलंच नाही. हनुवटीला टाके, पुढचा एक दात गेला.
शेठ फोनवर: "हेल्मेट होतंच की तिच्याकडे!"
होतं. बुजगावण्यालाही मडकं असतं.
पाहुण्यांच्या गुडघ्यांना पॅड, कोपरांना पॅड, पाठीला पॅड, वर नाष्ट्याला पोहे. आणि जी सगळ्यांच्या आधी उतरते, म्हणजे सगळ्यांच्या आधी पडणार, तिला चिंधी. हा माणूस... लिहवत नाही.

१३ नोव्हेंबर
भांडायला गेलो. वाक्यं घोटून नेली होती, एकाहून एक जहरी. शेठनं शांतपणे ड्रॉवरमधून यादी काढून पुढे सरकवली. शेवटची ओळ: 'वाटाडे — जुनीच चालतील.'
"अक्षर तुमचंच ना, सर?"
माझंच. वळणदार. बाजूला भज्याच्या तेलाचा डाग.
यादी परत सरकवली. बाहेर आलो तर खुंटीवर तेच हेल्मेट, धुऊन. चुंबळसुद्धा धुऊन परत आत. दुसऱ्या वाटाड्यासाठी म्हणे! एकदा आपटलेलं हेल्मेट बाद, हे मीच शेठला दहादा... न विचारता उचललं. घरी आणून पहारीनं फोडलं. चुंबळ तेवढी राहिली. उषा दारात उभी होती. टोमण्याऐवजी केरसुणी पुढे केली. ते जास्त लागलं.
फोटो ग्रुपवरून काढायला गेलो. मुदत संपली म्हणे. अजून एक टाळी आली.

१७ नोव्हेंबर
पाड्यावर गेलो, शिंप्याची टेप घेऊन. तिची आई नाचणी पाखडत होती. "डोक्याचं माप कशाला वो? टोपरं शिवताव का काय तिला?"
सुगंधा हसायला गेली, टाके ओढले, थांबली. चोपन्न सेंटिमीटर. माझंही तेच.
म्हटलं, "यादीतली ती ओळ मी लिहिली."
"म्हायती हाय. शेटनी सांगलं." मग आपल्या सायकलकडे बोट करून, "मागचा टायर बदलतील का नाय, ता सांगा."
तासभर भांडून मिळवलेले टायर पाहुण्यांच्या सायकलींना. यादीत तेवढंच होतं.

२० नोव्हेंबर
माझ्या सायकलचा मागचा टायर काढला. दात शाबूत, कडा जाड. तिच्या चाकाचं माप तेच. सकाळच्या एसटीनं डोळखांब, पुढे चालत.
माझं हेल्मेट तिला घालून पाहिलं. गाल दाबले जाऊन बोलणं बोबडं झालं. असंच बसायला हवं.
"मंग तुमी काय घालाल?"
"यंदा नाही उतरत."
टायर तिनंच चढवला. हवा भरली, अंगठा दाबला, थोडी सोडली, पुन्हा दाबला. मी नुसतं चाक धरलं. जमलं ते.
रविवारी पाहुणे आहेत. ती उतरणार का, ते तिचं तीच ठरवील.
निघताना पिशवीतून चुंबळ काढून तिच्या आईच्या हंड्यावर ठेवली.