निळ्या पट्टीचा ब्रश

प्रिय ठिणगी,

गेल्या रविवारी आईशी बोलून झाल्यावर तू मला विचारलंस, की बाबा, आईच्या आधाराच्या दांड्याला धातू कुठला घातलात? मी 'स्टील' एवढंच म्हणालो आणि फोन परत तिच्या कानाला लावला. तुझा प्रश्न सरळ होता, पळ मीच काढला. त्यानंतर दोन दिवस चैन पडेना, म्हणून लिहायला बसलोय. फोनवर माझं तोंड उघडत नाही हे तुला ठाऊक आहे, आणि माझं अक्षरही ठाऊक आहे. तेव्हा सावकाश वाच.

आधी आईची बातमी. अर्धांगाच्या झटक्यानंतर तू आठ दिवस राहून गेलीस तेव्हा ती नुसती बसत होती. नंतर व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या आणि मलाच दटावून गेल्या, की तुम्ही सारखे धरता म्हणून या उभ्या राहत नाहीत. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत भिंतीला दांडा लावा आणि बाजूला व्हा. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी खाली मान घातली. जन्मभर गावभरच्या जिन्यांना कठडे लावले, आणि आपल्या घरात टॉवेल अडकवायची खुंटीही अजून हलतेच आहे.

मग धातू निवडायला बसलो. तुला हसू येईल, पण एवढा विचार मी मोठमोठ्या कामांनाही केला नव्हता. लोखंड हाताखालचं, कसंही वाकवा, कुठेही जोडा. पण आई न्हाणीघरातून ओल्या हाताने येणार, रंगाचा टवका उडाला की गंज तिच्या तळव्याला लागणार. ॲल्युमिनियम हलकं, दिसायला गोजिरं, पण ते जोडायचं मशीन माझ्याकडे नाही, आणि तिचा तोल जाऊन सगळा भार एकदम आला तर ब्रॅकेटपाशी दगा देईल अशी धास्ती. पितळेचा मला मोह झाला होता. पण पितळेचा वास हाताला लागतो, आणि ते काळं पडलं की तुझी आई एका हाताने का होईना, घासत बसणार. शेवटी स्टेनलेस स्टीलच ठरलं. जाडी ठरवायला चार तुकडे कापून तिच्या डाव्या हातात एकेक दिला. जाड तुकडा तिने नाक मुरडून परत केला, बारीक घट्ट धरता येईना, आणि सव्वा इंची मात्र ती सोडायलाच तयार नव्हती. म्हणजे ठरलं.

पाईप विकणाऱ्या आपल्या नळीवाल्याकडून त्याच्याकडचा सगळ्यात चांगला माल आणला. तो अजून तसाच आहे, गिऱ्हाईक दिसलं की आधी स्वतःच्या गुडघ्यांची तक्रार सांगतो. कापणं, वाकवणं, जोडणं, घासणं, सगळं मी एकट्याने केलं, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी आई सहा पावलं चालली. मी न्हाणीघराच्या दाराशी हात मागे बांधून उभा होतो, कारण हात मोकळे असते तर मी तिला धरलंच असतं.

तीन आठवड्यांनी दांड्याच्या जोडांवर तांबूस ठिपके दिसले. आणि गंजाने भरलेला तिचा तळवा.

तुला आता काय आठवलं असेल ते मला कळतंय. शाळेच्या जिन्याचा कठडा. तू तेवीस वर्षांची होतीस. तीन दुकानं हिंडून, लोहचुंबक लावून लावून तू पाईप निवडून आणले होतेस, आणि मी कारागिरांना सांगत सुटलो होतो, की बघा, आता मला दुकानात जायला नको. दोन महिन्यांनी जोड गंजले. मुख्याध्यापिका बाईंनी बोलावून घेतलं, आणि त्यांच्यासमोर, आपल्या चारही कारागिरांसमोर, मी तुला म्हणालो, की धातू निवडणं म्हणजे साडी निवडणं नव्हे. तू कारखान्यात येऊन हातमोजे बाकावर ठेवलेस आणि पुढच्या महिन्यात ऑफिसातली नोकरी धरलीस. त्यालाही आता नऊ वर्षं झाली. घरी येतेस तेव्हा कारखान्याच्या दारापर्यंत चहा घेऊन येतेस, आत येत नाहीस. आम्ही तुला ठिणगी म्हणायचो ते तू कुठेही टिकून बसायची नाहीस म्हणून. कारखान्यात मात्र तू टिकली असतीस.

तर यावेळी मी तावातावाने नळीवाल्याकडे गेलो. हलका माल गळ्यात मारलास म्हणून चारचौघांत त्याला नको नको ते बोललो. म्हाताऱ्याने शांतपणे धातू तपासायच्या औषधाची बाटली काढली आणि मी नेलेल्या उरलेल्या तुकड्यावर थेंब टाकला. थेंब लाल झाला तर माल हलका. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो, पण थेंब होता तसाच राहिला. मग त्याने एवढंच विचारलं, की जोड घासलेस कशाने? 

घरी न जाता तडक कारखान्यात गेलो. बाकाखाली सापडला, तुझा ब्रश. मुठीला तू गुंडाळलेली निळी पट्टी अर्धी सुटलेली. हा फक्त स्टीलसाठी, लोखंडाला लावायचा नाही, लोखंडाची पूड स्टीलमध्ये रुतून बसते आणि मग तीच गंजते, असं तू सगळ्यांना बजावलं होतंस. मी तुझी टिंगल केली होती, की आता ब्रशलाही सोवळं नेसवा. आईच्या दांड्याचे जोड मी नेहमीच्या ब्रशने घासले होते, ज्याने आदल्याच दिवशी लोखंडी फाटक घासलं होतं. आणि शाळेचे जोड तू केलेस खरे, पण घासून साफ केले मी. तुला ताप होता म्हणून मीच तुला घरी पाठवलं होतं. हे मला नऊ वर्षांत एकदाही आठवलं नाही, की मी आठवू दिलं नाही, हे आता मलाही सांगता येत नाही.

आईच्या दांड्यावरचे ठिपके गंज काढायचं औषध लावून काढले, जोड नव्या ब्रशने घासले, पुन्हा एकही आला नाही. मग तिने बोटाने पुढच्या दाराकडे दाखवलं. तिला अंगणापर्यंत जायचं होतं. म्हणजे आणखी अकरा फूट पाईप लागणार. नळीवाल्याकडे जायचं तोंड नव्हतं. आणि मला आठवलं, की शाळेतून काढून आणलेला तो कठडा मागच्या भिंतीशी अजून उभा आहे. भंगारवाला दोनदा आला होता, मी दिला नव्हता. का, ते मला माहीत नाही. वरची धूळ फडक्याने पुसली. जोडांपाशी वीतभर गंज, आणि मधला पाईप नवाकोरा. नऊ पावसाळे अंगावर घेऊन एक डाग नाही. मी तिथेच खाली बसलो आणि म्हाताऱ्या माणसाने रडू नये तसा रडलो. सांगून टाकतो, कारण शाळेतल्या त्या दिवशी तू रडलीस तेव्हा मी विचारलं नव्हतं.

मी चुकलो, पोरी. निवडण्यात तू चुकली नव्हतीस. चारही कारागिरांना बोलावून मी हे सांगितलं, मुख्याध्यापिका बाई आता नाहीत म्हणून त्यांच्या जागी आलेल्यांना सांगून आलो, त्यांना काही कळलं नाही ती गोष्ट वेगळी. सगळ्यांच्या शेवटी तुला सांगतोय, कारण तुला सांगणंच सगळ्यांत अवघड होतं. काल, मंगळवारी सकाळी, आई पलंगापासून दारापर्यंत एकटी चालत गेली आणि बाहेरच्या उन्हात उभी राहिली. शेवटचे अकरा फूट तिने जो दांडा धरला होता, तो तू निवडलेला आहे. तिला सांगितलं तेव्हा तिने तळवा दांड्यावरून पुढे-मागे फिरवला आणि अडखळत म्हणाली, मला माहीत होतं. तू विचारलंस ना, धातू कुठला घातला? तुझा.

तुझाच,
बाबा