हाक ममीला होती

प्रिय भिंगरी,

तुझी पेटी सापडली. माळ्यावर असेल म्हणालीस म्हणून आधी स्टुलावर चढून पोटभर धूळ खाल्ली. तिथून निघालं काय, तर मोडका पंखा, तुझ्या बाबांची जुनी पक्कड आणि एक बूट. एकच. दुसऱ्याचा पत्ता नाही. पेटी होती आमच्याच पलंगाखाली, अगदी भिंतीला लागून. त्यांनीच कधीतरी सरकवून ठेवली असणार आणि सवयीप्रमाणे मला सांगायचं विसरले असणार. खोक्याचा रंग विटलाय, वरच्या इजिप्तच्या राजाच्या गालावर कपाचा गोल डाग पडलाय, पण पठ्ठ्या अजून तसाच डोळे वटारून बघतो.

बाबा गेल्यापासून तू आपणहून केलेला हा पहिलाच फोन. त्याआधीचे सगळे मी केलेले. तब्येत विचारलीस, गुडघ्याचं विचारलंस, मग म्हणालीस, मावशी, ती ठोकळ्यांची इजिप्तची कबर आहे का गं अजून, पोरीला हवीय, कुरिअरने पाठवशील? मी म्हटलं, पाठवते की. आणि फोन संपला. पूर्वी सुट्टीच्या दिवशी तुमचा बापलेकीचा फोन तासभर चालायचा आणि शेवटी ते "घे, मावशीशी बोल" म्हणून फोन माझ्या हातात कोंबायचे. आपल्याला दोन मिनिटं पुरायची, कारण बोलण्यासारखं सगळं त्यांनीच बोलून टाकलेलं असायचं. आता फोन हातात देणारं कोणी नाही, बोलायचं सगळं शिल्लक आहे, आणि तरी आपल्याला दोन मिनिटंच पुरतात. खरं सांगू? मला भीती वाटते. तुझं माझं नातं त्यांच्या मार्फत होतं. ते गेले, आता मी तुझी कोण असं कोणी विचारलं तर माझं ततपप होईल.

तर पेटीचं सांगत होते. पाठवण्याआधी सगळं आहे ना बघावं म्हणून जेवणाच्या टेबलावर ओतली. धुळीचा ढीगच पडला. मग चष्म्याच्या दुकानातून माझा चिमटा आणि काचा पुसायचा मऊ ब्रश आणला. हो, दुकानात अजून जाते. मालक म्हणतात, घरी बसून भिंतींकडे बघण्यापेक्षा इथे बसून काड्यांचे स्क्रू पिळा. बरोबरच आहे त्यांचं. एकेक ठोकळा पुसला, फटीतली घाण टोकरून काढली. जोडणीचं पुस्तक तर तू पहिल्या आठवड्यातच फाडलं होतंस, पण हात काही विसरले नाहीत. आधी तो वाळूच्या रंगाचा तळ, मग कोल्ह्याच्या तोंडाचे दोन रक्षक, खुंटी दाबली की सरकणारं दगडी दार, सापांचा जिना, खाली पाडणारं चोरदार, आणि सगळ्यात आत सोनेरी शवपेटी. झाकण उघडून बघितलं. ममी होती आत. पट्ट्या गुंडाळलेली, बोटभर, जशी तू झोपवली होतीस तशीच.

मी या घरात आले तेव्हा तू पहिलीत होतीस. तुझी आई जाऊन फार काळ लोटला नव्हता. हिला मावशी म्हणायचं, असं बाबांनी सांगितलं आणि तू निमूट म्हणालीस. तो निमूटपणाच मला खुपायचा. थोडा धिंगाणा घातला असतास, माझ्या वस्तू फेकल्या असत्यास, तर मला काहीतरी करता आलं असतं. ही पेटी त्यांनी त्याच दिवसांत आणली. मी त्यांना तोंडावर म्हटलं होतं, ही पोरीला दिलेली लाच आहे. ते म्हणाले, असेना, लाच घेतली म्हणजे काम होतं. आणि मग लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तो, त्याला त्या चोरदाराची चाल पसंत पडेना! कंपनीला अक्कल नाही म्हणत कुठल्याशा लिफ्टच्या बटणातली स्प्रिंग आणि रबर लावून ते असं काही केलं की नुसता धक्का लागला तरी खटकन उघडायचं. भिंगवालीच्या घरात भिंगरी हवीच, हा त्यांचा विनोदही तेव्हाचाच. तू तेव्हापासून भिंगरी.

खेळ तुझा ठरलेला. मी खजिना शोधणारी बाई, डोक्यावर हॅट, हातात कंदील. तू दोन्ही रक्षक, साप, शाप आणि वर पंचसुद्धा. मी दार सरकवायचं, साप चुकवायचे, श्वास रोखून एक पाऊल पुढे टाकायचं, की खटकन खाली! "मावशी, तू पडलीस." चला, परत पहिल्यापासून. एवढी वर्षं खेळलो, पण शेवटच्या खोलीत एकदाही पोचू दिलं नाहीस, बिलंदर कुठली. मी गयावया करायची, अगं मी चोर नाही, नुसतं बघून परत जाते. तू म्हणायचीस, सगळे असंच म्हणतात. ममीला कोणी नेता कामा नये, यावर तुझा फार कटाक्ष होता. मला कळायचं ते. तुझ्या बाबांनाही कळायचं, पण ते स्प्रिंगशी चाळा करत बसायचे.

एक दिवस मात्र मला फार लागला. तुला आठवणारही नाही, तुझ्या दृष्टीने त्यात काही नव्हतंच. सकाळची वेळ, सुट्टी. बाबा दारात बूट पुसत बसले होते, मी ओट्याशी कांदा चिरत होते. तुझ्या खोलीतून हाक आली, "मम्मी, ये ना बाहेर!" अशी लाडात, लांबवून मारलेली. त्या आवाजात तू मला तोवर कधी काही म्हटलं नव्हतंस. मी सुरी टाकली, "ओ! आले गं!" म्हणून तशीच धावले. धावले कसली, पायपुसण्यात पाय अडकून दारावर आपटले. तू फरशीवर पालथी पडलेली, शवपेटी उघडी, हातात ती बोटभर बाहुली. तू मान वर केलीस आणि अगदी साध्या आवाजात म्हणालीस, "तुला नाही गं, मावशी. ममीला." एका म चा फरक. लिहिताना दिसतो, धावताना कुठला ऐकू यायला! बाहेर तुझे बाबा खो खो हसले आणि मग मधेच थांबले, माझं तोंड दिसलं असावं. मीही हसले. डोळे कांद्याने आधीच भरलेले होते, तेवढी सोय झाली.

संध्याकाळी ते म्हणाले, तिला सांगू का, आई म्हणत जा म्हणून? मी म्हटलं, खबरदार. सांगून म्हटलेलं मला नको, आणि मावशीत काय कमी आहे? तेव्हा तोऱ्यात म्हणाले होते, पण पुढे ते खरंच झालं. ताप चढला की तू मावशी मावशीच बडबडायचीस. शाळेच्या नाटकात ती दाढी गालाला चिकटून बसली आणि तू शाळा डोक्यावर घेतलीस, तेव्हा खोबरेल घेऊन मावशीच धावली. कॉलेजात त्या लांबनाक्याने तुला नाही म्हटलं, ते बाबांना महिनाभर कळलं नाही, मला त्याच दिवशी कळलं. माझ्या मनात कसलीही अढी नाही, भिंगरी. लागलं होतं एवढंच सांगते, आणि आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

गेले काही दिवस कबर टेबलावर होती आणि मी कोपऱ्यात ताट घेऊन जेवत होते. सोबत तशी वाईट नाही, कोणी मीठ जास्त झालं म्हणत नाही. पण घर फार शांत आहे गं. लिफ्ट अडकली की शेजारचे अजून सवयीने आपलंच दार वाजवतात, आणि मी उघडलं की ओशाळतात. मी म्हणते, ते नाहीत. गेले असं म्हणवतच नाही, बाजारात गेल्यासारखं आपलं नाहीत म्हणते. चोरदाराचं रबर कुजलं होतं, त्या जागी चष्म्याच्या दोरीचा तुकडा बसवला. चालतंय का बघावं म्हणून हॅटवाल्या बाईला वरून चालवत नेली, तर खटकन खाली! "पडले बघ," मी मोठ्याने म्हणाले आणि हसले. ऐकायला कोणी नाही, हे मागाहून लक्षात आलं. मग रडले. चांगली भरपूर रडले आणि चहा केला.

आता मुद्द्याचं. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू बरं बरं म्हणशील, मी ठीक ठीक म्हणेन आणि संपलं. काल सगळं सुटं करून पेटीत भरलं, चिकटपट्टी लावली, तुझा पत्ता घातला. आज सकाळी कुरिअरवाला आला. त्याने हात पुढे केला आणि माझ्या तोंडून निघालं, थांबा हो, एक तुकडा सापडत नाही, नंतर या. साफ खोटं. सगळे तुकडे आहेत. पण ही पेटी गेली की या घरात तुझं मागण्यासारखं काहीच उरत नाही. मग तू फोन कशाला करशील? बाबा गेले ते मी सोसतेय, कसंबसं का होईना. तूही गेलीस तर नाही सोसायचं मला. म्हणून विचारते, पेटी न्यायला येशील? पोरीला घेऊन ये, चार दिवस राहा, मग खुशाल घेऊन जा. नाहीतर मला तिकडे बोलाव, मी मांडीवर घेऊन येते. दोन्ही जमणार नसेल तर नाही म्हणून कळव, त्याच दिवशी कुरिअरने पाठवते, रुसणार नाही. येते म्हण, ये म्हण, नाही म्हण. फक्त "बघू" म्हणू नकोस. बघू म्हणालीस तर मी वाट बघत बसेन.

तुझीच (लिहिताना हात अडखळला, पण खोडत नाही),
मावशी